बरोबरीचा फेटा

मी शाळेत रुजू झाले त्याच्या तिसऱ्या दिवशी मला कळलं, की मी ‘क’ गटात आहे.

सांगितलं ते पी.टी.च्या सरांनी. मी स्टाफरूममध्ये वह्या तपासत होते. ते दारातनं आत आले, टेबलासमोर सावधानात उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, तुमी क गटात. तुमच्यात इंग्रजीचं सर, चित्रकलेच्या बाई आन् शिपाईमामा. सोपा गट हाय, काळजी करू नगा. चित्रकलेच्या बाई लय उशिरा येत्यात.”

मला वाटलं, आलं काहीतरी सरकारी काम. जनगणना म्हणा, निवडणूक म्हणा, आकडे दिसले की ते गणिताच्या बाईच्या गळ्यात. पण तसलं काही नव्हतं. खेळाच्या साहित्याच्या खोलीला लोखंडी दार होतं आणि त्याच्या आतल्या बाजूला सरांनी खडूनं अख्ख्या शाळेचा तक्ता मांडला होता. चार-चार जणांचे गट. प्रार्थनेच्या आधी हजर, तीन गुण. प्रार्थना चालू असताना आलं, एक गुण. त्यानंतर शून्य. मुख्याध्यापकांना त्यांनी ‘मरणाच्या गटात’ टाकलं होतं. फुटबॉलच्या स्पर्धेत ज्या गटात चारही संघ तगडे पडतात त्याला तसं म्हणतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मुख्याध्यापकांच्या गटात त्यांचे सासरे होते (ते संस्थेचे संचालक), विस्तार अधिकारी होते आणि शाळेच्या बोअरची मोटर होती. मोटर दुसऱ्या नंबरला. मुख्याध्यापक चौथे.

“सर, मोटरीला कसले गुण?” मी विचारलं.

“टायमाला चालू झाली की तीन,” ते म्हणाले. “मानसापरीस बरी हाय ती.”

असा तो माणूस. मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन सांगलीला विश्रामबागेत आलेली, आणि रोज एसटीनं कुंडलच्या पुढच्या त्या गावात शिकवायला जायची. माझ्या माहेरी फुटबॉल म्हणजे कोल्हापूरकरांचं वेड, एवढंच ठाऊक. आणि या गावात तर फुटबॉल औषधालाही नव्हता. गाव कुस्तीचं. घरटी एक फौजेत आणि एक आखाड्यात. सर स्वतः पैलवानाचे चिरंजीव, पण फौजेत ईशान्येकडं पोस्टिंगला गेले आणि तिकडून फुटबॉल घेऊन आले. बाकीचे जवान सुट्टीला येताना ट्रंक भरून सामान आणतात, ह्यो चेंडू घेऊन आला, असं त्यांच्या वडिलांनी मरेपर्यंत ऐकवलं म्हणे.

पलटणीच्या संघात सर राखीव गोलकीपर होते. चार वर्षं राखीव! खेळायला मिळाला तो एकच सामना, मुख्य गोलकीपरला कावीळ झाली म्हणून. तो शून्य-शून्य सुटला. त्या सामन्याची हकीकत सर सांगायला लागले की शहाण्या माणसानं पर्स उचलावी, कारण हकीकत सामन्याएवढीच लांब असायची आणि मध्ये चहाची विश्रांतीही असायची. शेवट ठरलेला. “आन् बाई, त्येंचा एकबी गोल झाला न्हाई.” एवढं म्हणून ते आपल्याकडं बघायचे, आपण उठून टाळ्या वाजवाव्यात अशा चेहऱ्यानं. मी एकदा वाजवल्या. तेव्हापासून मी त्यांच्या मर्जीतली झाले आणि माझ्या मागं ते शुक्लकाष्ठ लागलं.

गावाला मात्र ही शून्य-शून्यची ऐट कधी पटली नाही. कुस्तीच्या गावात बरोबरी म्हणजे तोंड कडू. मैदानात दोन पैलवान वीस-वीस मिनिटं नुसते खांद्याला खांदा लावून घुमले की लोक ओरडायला लागतात, “निकाली! निकाली!” एकाची पाठ लागली पाहिजे, एकाला खांद्यावर घेऊन मिरवलं पाहिजे. तसं नाही झालं आणि पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली, तर इनाम दोघांना अर्धं अर्धं वाटून देतात आणि माणसं चपला शोधत, पुटपुटत घरी जातात. असल्या गावात हा गृहस्थ पारावर बसून सांगायचा, “बरोबरी बी कमाई असती गड्यांनो. एक गुण मिळतोय एक! गटात त्येच्यावर मानूस तरून जातो.” गाव खो खो हसायचं. पोरं त्यांना ‘बरोबरी मास्तर’ म्हणायची. आणि त्यांना ते आवडायचं, कपाळ माझं!

त्यांच्या मुलीच्या लग्नाची गोष्ट तर सगळ्या पंचक्रोशीला पाठ आहे. तीन स्थळं आली होती. सर म्हणाले, चौथं आल्याबिगर गट पुरा व्हत न्हाई. दोन महिने थांबून चौथं शोधलं. मग एकेका स्थळाला एकदा आपल्या घरी बोलावलं आणि एकदा आपण त्यांच्याकडं जाऊन आले. मी त्यांच्या बायकोला विचारलं, “वहिनी, तुम्ही हे चालवून कसं घेतलंत?”

“आवं बाई, आदी मी बी डोस्कं बडवून घेटलं,” वहिनी म्हणाल्या. “पर खरं सांगू का? आपल्या घरी येऊन समदीच ग्वाड बोलत्यात. त्येंच्या घरला गेल्यावर कळतं.”

जावई हिऱ्यासारखा मिळाला, शिरवळला कंपनीत आहे. तो गटात दुसरा आलेला. पहिल्या आलेल्यानं नकार कळवला होता.

आता सर निवृत्त झालेत, मीही ती शाळा सोडली, पण त्यांचा फोन येतो. जगात कुठं ना कुठं पात्रता फेरी चालूच असते. “बाई, आफ्रिकेत एक गट लय अडचणीत आलाय. जरा शक्यता लिवून देता का?” मी भाजी टाकलेली असते, गॅस बारीक करते आणि लिहून देते.

अंकिता त्यांना सापडली ती विटांत. तिच्या घरावर वरचा मजला चढत होता. खालून बिगारी दोन-दोन विटा जोडीनं वर फेकत होता आणि वर ही सातवीतली पोरगी त्या झेलून बाजूला रचत होती. सर सायकलवरनं चालले होते. पाय टेकवून थांबले ते अर्धा तास तिथंच. एक वीट खाली पडली नाही. मग ते शिडी चढून वर गेले आणि तिच्या आईला म्हणाले, “हिला माझ्याकडं द्या.”

“कशाला?”

“गोल राखाय.”

“आदी हितल्या विटा हुंद्यात,” आई म्हणाली.

ही आई म्हणजे तालमीच्या वस्तादांची मुलगी. वस्ताद ऐंशीच्या पुढचे, सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. मुलगी गावातच दिलेली. नवरा फौजेत, त्यामुळं ऊस, दोन म्हशी, बांधकाम सगळं ती एकटी बघायची, आणि बोलायला तोफ. विटा संपल्या तशी तिनं मुलीला मैदानावर पाठवलं खरं, पण वर सांगून, “हात मोडून आली तर दूध काढाय तुमी यायाचं सर.”

सरांनी शाळेत मुलींचा फुटबॉल संघ बांधला होता. त्याची पहिली मोठी स्पर्धा सांगलीत झाली, जिल्ह्याची. पुढं जायला शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी हवी होती. सरांनी मला कागद-पेन देऊन कडेला बसवलं होतं. दोन मिनिटं उरली होती, शून्य-शून्य, सगळं कसं सुरळीत. तेवढ्यात गावाहून टेम्पो भरून आलेली आमचीच मंडळी उठून उभी राहिली आणि ओरडायला लागली, “निकाली! निकाली!”

झालं! अंकिताच्या अंगात आजोबा संचारले. गोल मोकळा टाकून पोरगी चेंडू घेऊन जी सुटली ती थेट समोरच्या गोलापर्यंत. तिथं चेंडू गेला समोरच्या संघाच्या पायात. त्यांनी तिथनंच हाणला. तो टप्पे खात खात, अगदी निवांत, आमच्या रिकाम्या गोलाकडं निघाला. मागं धावणारी अंकिता, कडेला धावणारे सर आणि त्यांच्या मागं कागद हातात घेऊन धावणारी मी. कुणालाच तो गाठता आला नाही.

टेम्पोत मुली रडत होत्या. अंकिताची आई म्हणाली, “रडतीस कशाला? पडलीस ते झुंजून पडलीस.” दुसऱ्या रविवारपासून सरांनी अंकिताला आबांच्या तालमीत नेऊन बसवायला सुरुवात केली. बाकीचे लोक कोण कसा चीत झाला ते बघायचे. सर तिला दाखवायचे तो न पडणारा. “त्यो बग, खालून दाबलाय, पर पाठ लावू देत न्हाई. त्येचा पाय कुठं हाय बग. हरनाऱ्याचं सारं बगत्यात पोरी, न हरनाऱ्याचं कोन बगत न्हाई.” दोन वर्षं त्यांनी हे केलं. पोरगी जिल्ह्यातनं राज्याच्या संघात गेली, आणि अकरावीत असताना भारताच्या सतरा वर्षांखालच्या मुलींच्या संघात.

ज्या दिवशी निवडीचं पत्र आलं त्या दिवशी सरांनी शाळेची घंटा स्वतः वाजवली, तिसऱ्या तासाच्या मध्येच. शाळा सुटली असं समजून निम्मी पोरं घरी गेली.

संघाला आशियाई स्पर्धेच्या पात्रता फेरीत खेळायचं होतं. चार देशांचा गट, परदेशात सामने, आणि चारांतला एकच पुढं जाणार. अंकिताच्या आईनं सरांना घरी बोलावलं, चहा दिला आणि सांगून टाकलं. सांगलीला पोलीस भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीत तिनं पोरीचं नाव घातलं होतं. “सर, खेळून कुनाचं प्वाट भरलंय? वर्दी अंगावर आली की पोरगी कुनाच्या तोंडाकडं बगत न्हाई. गटातनं फुडं गेली तर पुढच्या शिबिराला मी सही करते. न्हाई गेली तर चेंडूचं नाव काढायचं न्हाई. तिनंबी आन् तुमीबी.”

मला त्या बाईचं चुकीचं वाटलं नाही, खरं सांगते. माझी मुलगी असती तर मीही हेच म्हटलं असतं. सर मात्र घरातनं बाहेर पडले ते पांढरेफटक पडून. “बाई,” ते म्हणाले, “पोरीचा समदा जलम एका गटात घातला की हो हिनं.”

गटातल्या देशांची नावं मी सांगणार नाही, कारण सरांनी मला ती घेऊ दिली नाहीत. कुस्ती सुटेपर्यंत समोरच्या पैलवानाचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, असा त्यांच्या वडिलांचा रिवाज. म्हणून एक संघ उंचाड्या, दुसरा चिवट्या आणि तिसरा लाल शर्टवाल्या. भूगोलाचे सर कौतुकानं नकाशा घेऊन आले तर आम्ही दोघांनी त्यांना हाकलून दिलं.

आपण चिवट्यांना हरवलं, उंचाड्यांनाही हरवलं. लाल शर्टवाल्यांनी चिवट्यांना धुतलं, पण उंचाड्यांशी त्यांची बरोबरी झाली. आपले सहा गुण, त्यांचे चार. शेवटचा सामना आपला त्यांच्याशी. हरलो तर त्या पुढं, बरोबरी झाली तरी आपण. दुसरीतल्या पोराला कळेल एवढं गणित, पण सरांनी मला त्या दिवशीच्या दोन्ही सामन्यांच्या मिळून नऊच्या नऊ शक्यता लिहायला लावल्या.

“सर, त्या दुसऱ्या सामन्यात काहीही होऊ दे, आपल्याला फरक पडत नाही.”

“लिवा तरी. बघाय बरं वाटतंय.”

नऊपैकी सहा आपल्या. कागद त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवला आणि दुधवाल्यापासून सरपंचांपर्यंत सगळ्यांना दाखवला. कागदावर एक गोष्ट लिहिलेली नव्हती. याच लाल शर्टवाल्यांनी आधीच्या खेपेला आपल्याला सात गोल घातले होते.

सामना दुपारचा होता. शिरवळचा जावई प्रोजेक्टर घेऊन आला आणि तालमीच्या ओसरीत पांढरं धोतर ताणून पडदा केला. गाव लोटलं. पुढं खुर्चीत आबा. दाराजवळ अंकिताची आई, शेतातनं तशीच आलेली, हाताची घडी घालून. सर पडद्याकडं पाठ करून उभे. “मला बगवत न्हाई, तुमी सांगा,” असं मला म्हणाले, आणि दर मिनिटाला मान वळवून बघत होते.

काय सांगू! लाल शर्टवाल्यांनी आपल्याला अर्ध्या मैदानाच्या बाहेर येऊ दिलं नाही. चेंडू सारखा आपल्याच गोलावर, आणि अंकिता झेलतेय, ढकलतेय, अंगावर घेतेय. एकदा तर खांबाला धडकून पडली आणि तशीच उठली. दाराजवळून तिच्या आईच्या तोंडनं “धर!” निघून गेलं. आजूबाजूच्या बायकांनी वळून बघितलं तशी तिनं पदर नीट केला.

शेवटची पाच मिनिटं आली. शून्य-शून्य. आणि गावाला ते सोसेना. मागून एकानं सुरुवात केली, मग दहा जणांनी, मग सगळी तालीम. “निकाली! निकाली!”

सर दोन्ही हात पसरून लोकांच्या समोर उभे राहिले. “वरडू नगा! आवं, पाया पडतो, वरडू नगा!”

“सर, तिला कुठं ऐकू जातंय?” मी म्हटलं.

“ऐकू जात न्हाई, पर तिच्या रक्तात हाय त्ये!”

आणि खरंच. अगदी शेवटी आपल्याला कॉर्नर मिळाला. सगळ्या मुली पुढं गेल्या. पडद्यावर दिसलं, की अंकितानं आपला गोल सोडला. चालत चालत मैदानाच्या मध्यापर्यंत आली. सरांनी माझा हात धरला तो इतका घट्ट, की बांगडी पिचली. पोरगी मध्यावर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पुढं बघितलं. सगळं गाव बेंबीच्या देठापासनं ओरडत होतं. मग ती वळली आणि मागं गेली. पळत नाही, चालत. आपल्या दोन खांबांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. कॉर्नर वाया गेला आणि शिट्टी झाली.

कुणीतरी विचारलं, “कोन जिकलं?”

“कोनबी न्हाई,” सर म्हणाले.

“मंग?”

“मंग काय! गेलो की फुडं! सात गुन! पैला नंबर!” आणि सर नाचायला लागले. एकटेच. दोनशे माणसं गप्प बसून बघतायत आणि पंचावन्न वर्षांचा माणूस शिट्टी फुंकत नाचतोय. मला राहवेना. मी पर्स आबांच्या मांडीवर ठेवली आणि मीही नाचले. आनंद झाला होता हो, साधा सरळ आनंद झाला होता!

“सर, थांबा जरा,” दाराजवळून आवाज आला. “ही बरोबरी झाली.”

सर थांबले. “व्हय. पर आपण फुडं गेलो. असंच ठरलं व्हतं आपलं.”

“ठरलं तवा मला कुठं ठावं, की असं बी फुडं जाता येतंय? मी वस्तादाची पोर हाय. बरोबरीला जिकली म्हनून सही केली तर गाव काय म्हनंल?”

सरांनी खिशातला नऊ शक्यतांचा कागद पुढं केला, तो तिनं बघितलाही नाही. सगळे आबांकडं बघायला लागले. आबांनी माझी पर्स मला परत दिली आणि विचारलं, “बाई, म्हागल्या बारीला त्येंनी किती घाटलं व्हतं?”

“सात, आबा.”

“म्हंजी समोरची दुप्पट वजनाची.” आबा काठी टेकून उठले. “हलका गडी जड गड्यासंगं बरोबरी सोडवतो, तवा नाव हलक्याचं हुतं. माझ्या वस्तादानं हेच सांगटलंय. कुस्ती खरी, पोर खरी.”

मग मात्र तालमीचं छप्पर उडायचं बाकी राहिलं. सरांना लोकांनी उचलून घेतलं. आबांनी पुन्हा काठी वर केली. “पर इनाम अर्धं!”

गावानं अंकिताला बांधायला कोल्हापुरी फेटा आणून ठेवला होता. आबा म्हणाले, फेटा फाडायचा नसतो, तसलाच दुसरा आणा. एक आपल्या पोरीला, एक त्या लाल शर्टातल्या गोलकीपरला. तिनं घेतला म्हणजे बरोबरी दोघींना मान्य. तोवर कुस्ती सुटली असं म्हणायचं नाही.

“हे मला कबूल,” अंकिताची आई म्हणाली. “तिनं फेटा घेटल्याचं कळू द्या, त्याच दिशी सही करते.”

आता बोला! शिबिराला बारा-पंधरा दिवस राहिलेले आणि फेटा समुद्रापलीकडं जायचा!

अंकिता आली, तिला फेटा बांधला, मिरवणूक झाली. तिनं मला सांगितलं, की सामना झाल्यावर ती लाल शर्टातली गोलकीपर खांबाला टेकून रडत बसली होती. अंकिता तिच्याजवळ जाऊन बसली. एकमेकींची भाषा येत नव्हती, मग नुसत्याच बसल्या. नंतर फोनवर दोघींनी एकमेकींना शोधून काढलं होतं. तिच्याकडून घरचा पत्ता मिळाला.

पार्सल विश्रामबागेतल्या पोस्टातून करायचं ठरलं. सर फेटा घेऊन सकाळीच माझ्या दारात. सोबत गुळाची ढेप. मी ढेप काढून घेतली. पोस्टात खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, “आत काय आहे, काका?”

“फेटा.”

“आणि कशासाठी पाठवताय? भेटवस्तू, विक्रीचा माल की नमुना?”

“इनाम,” सर म्हणाले.

“इनाम असं इथं नाही. भेटवस्तू लिहू?”

“भेट न्हवं पोरी. भेट मानूस आपल्या खुशीनं देतो. ह्ये तिच्या हक्काचं हाय.”

मागं रांग वाढली होती. मी ‘भेटवस्तू’वर खूण करून टाकली. सर संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. फेट्याबरोबर मी इंग्रजीत चिठ्ठी घातली होती, की आमच्या गावात कुस्ती बरोबरीत सुटली तर इनाम दोघांचं असतं, हे तुझं.

मग सुरू झालं ते वाट बघणं. पार्सल कुठवर आलं ते फोनवर दिसायचं. मुंबई. मग तो देश. मग तिथल्या तपासणीत अडकलं, ते आठ दिवस हलेना. “फेट्यात काय तपासत्यात गा?” सर म्हणायचे. “उलगडून बगत असत्याल. मंग घडी घालता येत न्हाई त्येंना, म्हनून अडाकलंय.” त्यांचं जेवण कमी झालं. त्या दारावरचा तक्ता भरायचंही त्यांनी सोडलं आणि सगळी शाळा बिनधास्त उशिरा यायला लागली. शिबिराच्या संमतीपत्राची मुदत शुक्रवारची. गुरुवारी सकाळी अंकिताच्या आईनं अकॅडमीला फोन करून सोमवारपासून येतो म्हणून सांगितलं. सरांना हे वहिनींनी सांगितलं. ते वर्गाच्या बाहेर पायरीवर बसून राहिले. मी जवळ गेले तर म्हणाले, “बाई, पोरीनं काय कमी केलं न्हाई हो. फेटाच पोचंना.”

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत अंकिता पळत आली. दप्तर नाही, पायात चप्पल नाही, हातात नुसता फोन. सरांनी तो बघितला आणि सायकलसुद्धा घेतली नाही. आम्ही तिघं उसाच्या कडेकडेनं पळत तिच्या घरी गेलो. मी साडीत, संमतीपत्र पर्समध्ये. आई ओट्यावर बसून चारा कापत होती.

“घेटला!” सर लांबूनच ओरडले. “घेटला तिनं!”

फोटो होता. दारातल्या पायऱ्यांवर ती मुलगी बसली होती. फेटा तिनं गळ्याभोवती गुंडाळला होता, मफलर करतात तसा, आणि उरलेला सगळा पायऱ्यांवरनं खाली लोळत होता. हसत होती. कोपरं खरचटलेली. शेजारी एक जाडसर बाई उभी होती, तोंड घट्ट मिटून. फोटोखाली त्या मुलीनं विचारलं होतं, हे बांधायचं कसं?

अंकिताच्या आईनं फोन हातात घेतला. इतका वेळ बघत राहिली, की सर माझ्याकडं बघायला लागले.

“हिची आय व्हय ही?”

“हो,” अंकिता म्हणाली.

“रागावल्याली दिसती.” तिनं हात पदराला पुसले. “चेंडूपायी घर सोडून ग्येली, आन् हात हलवत आली, म्हनत असंल.” मग माझ्याकडं हात केला. “द्या ती सही कुठं करायची ती.”

तिनं सही केली. सर तोंड फिरवून उसाकडं बघत उभे राहिले. अंकितानं आईला मिठी मारली. मी पेन परत घ्यायला हात पुढं केला, तर तिनं ते दिलं नाही.

“बाई, अजून एक कागुद हाय का तुमच्याजवळ? त्या बाईला लिवा. म्हनावं, तुमची पोरगी हरल्याली न्हाई. अर्धं इनाम तिचं हाय. तिला घरात बसवू नगा.”

मी तिथंच चाऱ्याच्या पेंढीवर बसून चार ओळी इंग्रजीत लिहिल्या. खाली सही तिनं स्वतः केली, मराठीत, पुरं नाव घालून, सावकाश.

“आवं, तिकडं मराठी कुनाला वाचता येनार?” सर डोळे पुसत म्हणाले.

“आयच हाय न्हवं ती?” ती म्हणाली. “कळंल तिला.”

सरांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि सांगलीची एसटी गाठायला ते पळत सुटले.